जुनी मियाटा घेतली, पुस्तिका नाही: सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत १९९५ ची माझदा मियाटा घेतली आहे, १.८ लिटरचं इंजिन, पाच गिअर, कापडी छप्पर. आधीचे मालक किती झाले ते कोणालाच नीट ठाऊक नाही. गाडीत ना मालकाची पुस्तिका, ना एखादं जुनं बिल. गाडी चालते आहे. आता तिची ओळख कशी करून घ्यायची आणि आधी कशाला हात घालायचा?

पुस्तिकेची काळजी सोडा. त्या काळच्या छापील प्रती जुन्या बाजारात मिळतात आणि अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभासदांना दुरुस्तीच्या माहितीचे संच संगणकावर फुकट बघता येतात. तुमच्या गावच्या ग्रंथालयात विचारा. पण पुस्तिका मिळाली तरी ती हिरोशिमाच्या कारखान्यातून निघालेल्या नव्या गाडीबद्दल सांगणार. तुमच्या दारात उभी आहे ती गाडी तीस वर्षं वेगवेगळ्या हातांत राहिलेली, हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून गेलेली. त्या हातांनी काय केलं, काय टाळलं, कुठे काम अर्धवट सोडलं, हे कोणत्याही पुस्तिकेत मिळणार नाही. ते गाडीवरच शोधावं लागतं, आणि खरी ओळख तीच. त्यामुळे पहिला महिना नवी चाकं, नवा स्टीरिओ, खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा यातलं काही घेऊ नका. एक जाड वही घ्या, एक चांगला टॉर्च घ्या आणि फ्रिजवरचं एक लोहचुंबक खिशात ठेवा.

आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाच्या मिनीबस आणि छोटे ट्रक आठवतात. मूळ जपानी कंपनीने फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही दोन आसनांची गाडी पहिल्यांदा दाखवली. वजन जेमतेम हजार किलोच्या आसपास, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. हे सांगतो कारण या गाडीत लपवाछपवी कमी आहे. फार थोडे संगणक, फार थोड्या मोटारी. डोळे, नाक, कान आणि बोटं वापरली तर तिच्यातलं बहुतेक सगळं कळतं.

सुरुवात नंबरापासून. काचेच्या खालच्या कोपऱ्यातून दिसणारा १७ अक्षरांचा नंबर वहीत उतरवा. अमेरिकेत विकल्या गेलेल्या या पिढीच्या १.८ लिटर गाडीचा नंबर जेएम१एनए३५३ असा सुरू होतो. दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं: १९९४ ला आर, १९९५ ला एस, १९९६ ला टी. ड्रायव्हरच्या दाराशी जी पट्टी चिकटवलेली असते तिच्यावर गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही छापलेलं असतं. सुटे भाग मागवताना हा महिना कामाला येतो, कारण वर्षाच्या अधेमधे भाग बदललेले असतात. रंगाची दोन अक्षरंही दाराच्या चौकटीत शोधा. लाल गाडी असेल तर एसयू, काळी असेल तर पीझेड.

मग पत्रे बघा. अमेरिकेतल्या या गाड्यांच्या बॉनेट, फेंडर, दारं, डिकीचं झाकण अशा मोठ्या भागांवर आतल्या बाजूला त्याच नंबराचे छोटे स्टिकर असतात. एखाद्या भागावर स्टिकर नाही, किंवा बदली भागावर असतो तसा आर अक्षराचा स्टिकर आहे, तर तो भाग नंतर बसवलेला आहे. याचा अर्थ गाडी वाईट असा नाही. पण तिथे कधीतरी ठोकर बसली होती एवढं वहीत लिहा आणि त्या बाजूचं सस्पेन्शन जास्त बारकाईने तपासा. फेंडरच्या बोल्टांवरचा रंग पान्याने खरवडला असेल तर तोही तीच गोष्ट सांगतो.

बॉनेटच्या खालच्या बाजूला किंवा इंजिनाच्या आसपास एक माहितीपट्टी असते. इग्निशन टायमिंग, आयडलला इंजिनाचे फेरे, स्पार्क प्लगची फट, हे आकडे तिच्यावर छापलेले असतात. तिचा फोटो काढा. टायरच्या हवेचा आकडा दाराशी आहे: २६ पीएसआय. हा आकडा बघून लोक दचकतात आणि घरच्या सेडानसारखी ३५ भरतात. मग ही हलकी गाडी खड्ड्याखड्ड्यावर उडते, ओल्या रस्त्यावर मागून घसरते, आणि दोष मात्र सस्पेन्शनला दिला जातो. २६ भरा, थंड टायरमध्ये, आणि मग मत बनवा.

टायरवर डॉट या अक्षरांनंतर जी संख्या असते तिचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. जुन्या खेळगाड्या वर्षाला फार थोड्या चालतात, म्हणून टायरची नक्षी भरपूर शिल्लक आणि रबर मात्र लाकडासारखं कडक, असं सर्रास असतं. दहा वर्षांपुढचे टायर असतील तर नक्षी बघू नका, बदला. मागच्या चाकांना ताकद देणारी, ट्रॅक्शन कंट्रोल नसलेली गाडी आहे ही. पावसात तुमचा सगळा भरवसा त्या चार रबरी पट्ट्यांवर आहे.

आता द्रव पदार्थ. पुस्तिका नसलेल्या गाडीची जन्मपत्रिका यातच असते. इंजिनाचं ऑइल साधारण पावणेचार लिटर बसतं, फिल्टर धरून. फिल्टर इंजिनाच्या उजव्या बाजूला, इनटेकच्या नळ्यांखाली दडलेला आहे. वरून हात जात नाही, उजवं चाक उचलून खालून गेलात तर बरं पडतं. जुनं ऑइल काढताना त्याचा वास घ्या आणि तळाशी चमकदार चुरा आहे का ते बघा. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर कूलंट आत जातंय का हा संशय घ्यायचा. थोडी साय मात्र थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारल्यानेही येते, तेव्हा लगेच घाबरू नका. गाडी अर्धा तास चांगली गरम करून पुन्हा बघा.

तुमच्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा आहे, त्याच्यावर विसंबू नका. १९९४ पर्यंतच्या गाड्यांत तो खरा दाब दाखवायचा. १९९५ पासून माझदाने तिथे साधा स्विच बसवला: थोडासा दाब आला की काटा मधोमध जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. त्यामुळे दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक ओढून बघायची सवय लावा.

सकाळी इंजिन चालू केल्यावर वरून टिकटिक ऐकू येईल. तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे, आत ऑइल भरलेले छोटे भाग. गाडी बरेच दिवस उभी असली की त्यांच्यातलं ऑइल उतरतं आणि ते वाजतात. नवीन ऑइल घालून लांबची एक फेरी मारली की बहुतेकदा आवाज विरतो. खोल, जड, ठकठक असा आवाज खालून येत असेल, आणि रेस दिल्यावर वाढत असेल, तर तो वेगळा. तेव्हा गाडी बंद करून जाणकाराला दाखवा.

गिअरबॉक्समध्ये दोन लिटर ऑइल, मागच्या डिफरन्शिअलमध्ये (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) एक लिटर. दोन्हीकडे एक नियम पाळा, तो कोणत्याही गाडीला लागू आहे: आधी भरायचं बूच सैल होतंय ना ते बघा, मगच काढायचं बूच उघडा. गंजलेलं भरायचं बूच उघडलंच नाही आणि खालचं ऑइल मात्र वाहून गेलं, तर गाडी जागची हलवता येत नाही. गिअरच्या दांड्याखाली आणखी एक छोटी कुंडी आहे, तिच्यात वेगळं थोडं ऑइल असतं आणि तिच्यावर दोन रबरी टोप्या. या टोप्या फाटल्या की मधल्या बोगद्यातून उष्णता आणि आवाज आत येतो, गिअर दांडा रखरखीत लागतो. इतकं स्वस्त आणि इतका फरक पाडणारं दुसरं काम या गाडीत मला ठाऊक नाही.

क्लच हायड्रॉलिक आहे, त्याची छोटी टाकी ब्रेकच्या टाकीशेजारीच. आतला द्रव काळाकुट्ट दिसला तर समजा रबर झिजतंय. खाली गिअरबॉक्सवर जो क्लचचा छोटा सिलिंडर आहे त्याची रबरी टोपी हळूच मागे करा. आत ओलं असेल तर तो गेला. वरचा सिलिंडर गळत असेल तर पेडलच्या वर, गालिच्याच्या बाजूने थेंब उतरतात. या गाड्यांत क्लचचं हे दुखणं इतकं नेहमीचं आहे की मी दोन्ही सिलिंडर एकदमच बदलायला सांगतो. एक नवा लावला की दुसरा जुना फार दिवस दम धरत नाही.

कूलंट सहा लिटर. पण द्रवाआधी रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीकडे बघा. नवी असताना ती काळी असते. उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून ती तपकिरी, मग शेवाळी पिवळट होते. तो रंग दिसला की प्लॅस्टिक ठिसूळ झालंय आणि ते फुटेल ते तुम्ही टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, ट्रॅफिकमध्ये अडकलेले असताना. रेडिएटर या गाडीत स्वस्त आहे, वाट बघू नका. सोबत होज पाइप बदला, आणि इंजिनाच्या मागच्या बाजूचे हीटरचे छोटे पाइप विसरू नका. ते नजरेला पडत नाहीत म्हणून तिसऱ्या-चौथ्या मालकापर्यंत तसेच आलेले असतात. एसी चालू करून उभ्या गाडीत दोन्ही पंखे फिरतात का ते बघा.

पुढे दिसणाऱ्या पट्ट्यांपैकी अल्टरनेटर फिरवणारा पट्टाच पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणजे तो तुटला तर नुसता बॅटरीचा दिवा लागून भागत नाही. इंजिन काही मिनिटांत तापायला लागतं. दिवा लागला की कडेला थांबायचं.

आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा. तो दर ६० हजार मैलांना बदलायचा. झाकणावर किंवा बॉनेटखाली कोणीतरी तारीख आणि मैल लिहिलेला स्टिकर लावलाय का शोधा. नसेल, आणि बिलही नसेल, तर बदललेला नाही असंच धरा. तुमच्या इंजिनात एक सुख आहे: बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी फक्त जागीच बंद पडते. पण बंद कुठे पडेल हे तुमच्या हातात नसतं. काम काढलं की पाण्याचा पंप, टेन्शनर, कॅमशाफ्टचे आणि क्रँकचे पुढचे सील एकाच वेळी बदलून घ्या. तिथपर्यंत पोचायची मजुरीच मोठी आहे, भाग त्यामानाने किरकोळ.

ऑइल गळत असेल तर कुठून, हे शोधायला घाई करू नका. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खाली थेंब दिसला की गॅरेजवाले पटकन क्रँकचा मागचा सील सांगतात, म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचं काम. या पिढीच्या इंजिनात मागच्या टोकाला, वर, कॅमशाफ्टचा एक सेन्सर बसतो आणि त्याच्या बुडाशी एक रबरी ओ-रिंग असते. ती कडक झाली की ऑइल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत नेमकं त्याच जागी येऊन टपकतं. रिंग काही डॉलरची. म्हणून आधी इंजिनाची मागची बाजू ब्रेक क्लीनरने स्वच्छ करा, दोन दिवस चालवा, मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. इंजिनावरच्या व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅसकेटचीही तीच तऱ्हा.

आता ज्याने या गाड्या खरोखर मरतात त्याकडे येतो. इंजिन यांना मारत नाही, पाणी मारतं.

कापडी छपरावरचं पाणी मागच्या बाजूला एका पन्हळीत जमतं आणि दोन्ही आसनांच्या मागे, सीटबेल्टच्या खांबांजवळच्या भोकांतून खाली उतरून मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. वर्षानुवर्षं पानं, धूळ, पाइनच्या सुया त्या भोकांत साचतात. मग पाण्याला बाहेर वाट राहत नाही. ते गालिच्याखाली जातं, किंवा दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचून आतून कुजवतं. बाहेरून रंग झकास दिसतो. छप्पर मागे टाका आणि त्या कोपऱ्यात एक ग्लास पाणी सावकाश ओता, दुसऱ्या कोणाला तरी मागच्या चाकापुढे खाली बघायला सांगा. धार लगेच आणि मोकळी आली पाहिजे. थेंब थेंब आली, किंवा आलीच नाही, तर गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी भोकातून सावकाश घालून मळ सोडवा. तार किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका. आतली नळी फाटली तर पाणी कायमचं चुकीच्या जागी जाणार. हे काम वर्षातून दोनदा, पानगळीनंतर एकदा हमखास.

दाराखालच्या पत्र्याचा मागचा भाग, मागच्या चाकाच्या अगदी पुढचा, अंगठ्याने दाबून बघा. फुगवटा, फोड, किंवा मऊपणा जाणवला तर आत गंज आहे. लोहचुंबक तिथे फिरवा. पकडत नसेल तर पत्र्याच्या जागी लांबी भरून रंग मारलाय. असं सापडलं तर इंजिनावर पैसे घालायच्या आधी पत्र्याचं काम करणाऱ्याकडे जा आणि खरा अंदाज घ्या. इंजिन दुसरं मिळतं, चांगली चेसिस मिळत नाही.

गालिचा उचला. आसनांच्या मागे, पायाशी, हात घालून बघा. ओलसर वास ही या गाडीची सगळ्यात प्रामाणिक तक्रार आहे.

छप्पर उघडायची रीत अशी. काचेच्या वर दोन खिट्ट्या आहेत, प्रत्येकीला आधी दाबायचं एक बटण आहे, मग खिट्टी ओढायची. पण त्याआधी मागची प्लॅस्टिकची खिडकी चेन उघडून सपाट खाली झोपवायची. हे न करता छप्पर मागे टाकलं की प्लॅस्टिकला घडी पडते आणि त्या घडीवर ती चिरते. थंडीत प्लॅस्टिक ताठ असतं. न्यू जर्सीच्या जानेवारीत छप्पर उघडायची हौस आलीच तर आधी आत हीटर लावून खिडकी मऊ होऊ द्या. छप्पर ओलं असताना मिटून ठेवू नका. आणि फिरत्या ब्रशच्या गाडीधुलाईत तर अजिबात नेऊ नका.

बॅटरी पुढे शोधू नका, ती डिकीत उजव्या कोपऱ्यात आहे. वजनाचा तोल राखायला तिथे ठेवलीय. मूळची बॅटरी छोटी, बंद पद्धतीची होती आणि तिला हवा बाहेर सोडणाऱ्या बारीक नळ्या जोडलेल्या असतात. एखाद्या मालकाने स्वस्तात साधी बॅटरी बसवली असेल तर तिची आम्लाची वाफ डिकीतच कोंडते, आणि खालचा पत्रा खाल्ला जातो. बॅटरी काढून तिच्याखालचा पत्रा बघाच. नवी घ्याल ती एजीएम (बंद, आम्ल न सांडणाऱ्या) प्रकारची, या गाडीसाठी नळी जोडता येणारी घ्या.

वायरिंगबद्दल एकच सांगतो: डॅशबोर्डखाली मान वळवून बघा. फॅक्टरीच्या वायरिंगला नीट गुंडाळी असते. मधेच पिळून काळी टेप लावलेल्या वायरी दिसल्या तर त्या जुन्या अलार्मच्या किंवा स्टीरिओच्या. बॅटरी रात्रीतून उतरत असेल तर चोर तिथेच सापडतो. फ्यूजच्या झाकणांवर नावं छापलेली आहेत, दोन्ही पेट्यांचे फोटो काढून ठेवा.

हेडलाइट वर येणारे आहेत. दिवे न लावता नुसती झाकणं वर करायचं बटण वेगळं आहे. धुताना, आणि हिमवर्षावाच्या आदल्या रात्री, ते वापरा, म्हणजे बर्फात झाकणं चिकटून मोटर जळत नाही. एखादं झाकण अडकलंच तर मोटरीवर रबरी टोपीखाली एक गोल मूठ आहे, ती हाताने फिरवून दिवा वर आणता येतो. फ्यूज काढून मगच हात घाला. पेट्रोलच्या झाकणाचा खटका आसनांमधल्या कुलूपबंद कप्प्यात आहे. पंपावर जाऊन शोधत बसण्यापेक्षा घरीच बघून ठेवा. टाकी १२.७ गॅलनची, साधं ८७ ऑक्टेनचं पेट्रोल पुरतं.

तुमची गाडी १९९५ ची, म्हणजे १९९६ पासून आलेला, गाडीच्या संगणकातले दोष वाचायचा ओबीडी-२ चा सॉकेट हिच्यात नाही आणि हल्लीचं स्कॅनर यंत्र उपयोगाचं नाही. बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूला, डायग्नोसिस लिहिलेली एक छोटी झाकणाची पेटी असते. तिच्यात टीईएन आणि जीएनडी अशी दोन घरं एका तुकडा वायरने जोडा, किल्ली ऑनवर फिरवा पण सेल्फ मारू नका, आणि डॅशवरचा चेक इंजिनचा दिवा बघा. लांब लुकलुक दशकाची, छोटी लुकलुक एककाची. एक लांब आणि पाच छोट्या म्हणजे १५, ऑक्सिजन सेन्सर. नुसत्या नऊ छोट्या म्हणजे कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. जोडायच्या आधी अक्षरं दोनदा वाचा. चुकीच्या घरात वायर घालणं महागात पडतं.

ब्रेकबाबत न्यू जर्सीत राहणाऱ्याने जास्त सावध असावं. या राज्यात खासगी गाड्यांची यांत्रिक सुरक्षा तपासणी २०१० मध्येच बंद झाली, तेव्हा तुमच्या गाडीचे ब्रेक सरकारी माणसाने इतक्यात बघितलेले नाहीत. मागच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकणं हे या गाडीचं नेहमीचं दुखणं. फेरी मारून आल्यावर चारही चाकांजवळ हात न लावता नुसता तळवा न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा ठळक गरम असेल तर ते अडकतंय. हँडब्रेक सैल वाटला तर आधी केबल ताणू नका. मागच्या कॅलिपरवर एक बोल्ट काढला की आत ४ मिलिमीटरच्या ॲलन चावीने फिरणारा ॲडजस्टर आहे, तो आधी. ब्रेकचा द्रव शेवटचा कधी बदलला हे माहीत नसेल तर लगेच बदला.

गाडी उचलताना: पुढे इंजिनाखालचा मुख्य आडवा बीम, मागे डिफरन्शिअल, मध्ये लाकडाचा तुकडा, बाजूने उचलायचं असेल तर पत्र्याच्या कडेवरच्या खाचांच्या मधोमध. गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलपर्यंत जाणारी ॲल्युमिनियमची लांब पट्टी दिसेल, तिच्याखाली जॅक कधीही लावू नका. ती वाकली की गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एका रेषेत राहत नाहीत. जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावायचेच. चाकाचे नट ६५ ते ८७ फूट-पाउंड, टॉर्क पान्याने.

मागची दोन्ही चाकं स्टँडवर असतील तेव्हा एक गंमत करून बघा. पुढच्या चाकांना अडण लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर तुमच्या गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) आहे, या वर्षीच्या गाड्यांत ते टॉर्सन बनावटीचं. उलट्या दिशेने फिरलं तर साधं. विकणाऱ्याला बहुतेकदा हे माहीतच नसतं.

हे सगळं झालं की मगच नीट चालवा. आधी रिकाम्या सरळ रस्त्यावर, रेडिओ बंद, छप्पर बंद. स्टीअरिंग एका बाजूला ओढतं का, ब्रेक लावताना ओढतं का, चौथ्या गिअरमध्ये हळू वेगावरून दाबल्यावर फेरे वाढतात पण गाडी वाढत नाही असं होतं का. तसं झालं तर क्लच प्लेट संपत आलीय. मग तीच फेरी छप्पर उघडून पुन्हा मारा. उघड्या गाडीत मागच्या चाकांचे आवाज, बेअरिंगची घुंघुं, सायलेन्सरची गळती सगळं स्वच्छ कानावर येतं, ही या गाडीची मोठी सोय आहे. तापमानाचा काटा गाडी गरम झाल्यावर मध्याच्या किंचित खाली कुठे थांबतो ती जागा वहीत काढून ठेवा. पुढे तो त्या जागेच्या वर सरकला तर लगेच कळेल, कारण हा काटा एरवी फारसा हलत नाही.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, सगळ्यात शेवटी. प्रत्येक चाकाच्या खालच्या आर्मवर फिरणारे कॅम बोल्ट असतात, पुढचं टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) सोडलं तर त्यांच्यावरच या गाडीची अलाइनमेंट साधली जाते, आणि मिठाच्या प्रदेशात ते बुशमध्ये जाम होतात. वेळ घेण्याआधी आठवडाभर रोज त्यांच्यावर गंज सोडवणारं ऑइल मारा, आणि दुकानदाराला आधीच विचारा की बोल्ट अडकले तर कापून नवे बसवण्याची त्याची तयारी आहे का. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. नुसतं पुढचं टो सरळ करून कागद हातात देणारे पुष्कळ आहेत. या गाडीला चारही चाकांची अलाइनमेंट लागते, मागच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो धरून. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील कागद मागून घ्या आणि वहीत चिकटवा.